परग्रहावरील सोसायटी (मर्यादित)

आकाशातल्या लोकांविषयी आपल्याला लहानपणापासून ओढ होती, असं लिहिण्याची एक पद्धत आहे. मला नव्हती. आकाशाकडे मी पाहतो ते गच्चीवरचे पापड आत घ्यावेत की राहू द्यावेत, एवढंच ठरवण्यासाठी. आणि तिथेही शेवटचा शब्द हिचा असतो. तेव्हा वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी परग्रहांवरच्या समाजव्यवस्थेचा अभ्यासक झालो, याचं श्रेय माझ्या जिज्ञासेला नाही, भाच्याच्या बदलीला आहे. भाच्याची बंगळूरला बदली झाली आणि "मामा, चारच खोकी आहेत, दोन महिन्यांत नेतो," असं म्हणून तो पुस्तकांची चार खोकी आमच्या पलंगाखाली सरकवून गेला. या गोष्टीला तीन वर्षं झाली. मधूनमधून तो येतो, जेवतो, वाकून पलंगाखाली बघतो, "बरी आहात ना?" असं खोक्यांना विचारतो आणि निघून जातो.

एका दुपारी केबल बंद पडली म्हणून मी त्यातलं एक खोकं उघडलं. आत सगळ्या इंग्रजी विज्ञानकथा. मुखपृष्ठांवर हिरवी माणसं, जांभळी माणसं, आणि माणूस म्हणावं की कुंचा असा प्रश्न पडावा अशीही काही माणसं.

इथे माझ्या हुद्द्याविषयी सांगणं भाग आहे. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. सेक्रेटरी निवडून येतो, असा बाहेर एक गैरसमज आहे. सेक्रेटरी सापडतो. वार्षिक सभेला जो दाढदुखीमुळे गैरहजर असतो त्याची सर्वानुमते निवड होते. गेली नऊ वर्षं मी सापडलेलाच आहे. माझी कारकीर्द तशी निष्कलंक. शिवाय माझं अक्षर बरं असल्यामुळे आवारातल्या सगळ्या पाट्या माझ्याच हातच्या : 'येथे थुंकू नये', 'येथे खेळू नये', 'येथे गाड्या लावू नयेत' आणि लिफ्टपाशी 'घरकामगार व फेरीवाले यांनी लिफ्टचा वापर करू नये. हुकमावरून.' यातला 'हुकमावरून' हा शब्द मी लाल रंगात काढला होता. त्यातल्या 'हु'च्या वळणाचं तीन जणांनी कौतुक केलं, त्यांतला एक थकबाकीदार होता.

तर या हुद्द्यामुळे माणसाची दृष्टीच बदलते. हिरव्या माणसाचं चित्र पाहिलं की इतरांना प्रश्न पडतो, याला डोळे किती? मला प्रश्न पडतो, यांच्यात पाण्याची टाकी कोण धुतं? मेंटेनन्स कोण गोळा करतं? आणि थकबाकीदार जिन्यात भेटला की नजर कोण चुकवतं, तो की सेक्रेटरी? (आमच्याकडे सेक्रेटरी.) थोडक्यात, परग्रहावर जीवसृष्टी आहे की नाही हा शास्त्रज्ञांचा प्रश्न झाला. परग्रहावर सोसायटी कशी आहे, हा माझा.

खोक्याच्या तळाशी ल्युशियन नावाच्या गृहस्थाचं पुस्तक निघालं. हा माणूस दुसऱ्या शतकातला, ग्रीक भाषेत लिहिणारा. पुस्तकाचं नाव 'खरी गोष्ट', आणि सुरुवातीलाच कबुली की यातलं अक्षरही खरं नाही. (नाहीतर आमचं इतिवृत्त! तिथे ही कबुली कुठेच नसते.) याचं जहाज वावटळीत सापडून थेट चंद्रावर जातं. चंद्रावर बायका नाहीत. पुरुषांनाच मुलं होतात, आणि तीही पायाच्या पोटरीत. डोळे काढता-घालता येतात. ज्याचे हरवले तो दुसऱ्याचे उसने मागून घेतो, आणि श्रीमंतांनी मात्र डोळ्यांचा साठा करून ठेवलेला असतो! मी पुस्तक मिटून क्षणभर स्वस्थ बसलो. चंद्रावर कसं जावं हे त्या काळी कुणाला ठाऊक नव्हतं. पण तिथे पोहोचल्यावर साठेबाजी कोण करणार, हे अठराशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

मग एच. जी. वेल्स हाती लागला. १८९८ साली याची मंगळावरच्या स्वारीची कादंबरी पुस्तकरूपानं आली. याच्या मंगळवासीयांना पोटच नाही. पचनाची भानगड नाही, स्वयंपाक नाही, भांडी नाहीत. "हे खरे पुढारलेले," ही म्हणाली. पण पुढे वाचल्यावर कळलं की ते दुसऱ्या प्राण्यांचं रक्त सरळ स्वतःच्या शिरांत भरून घेतात. तेव्हा हिनं आपलं मत मागे घेतलं. वेल्स मात्र मागे हटत नाही. पहिल्याच प्रकरणात तो आपल्या वाचकांना आठवण करून देतो, की बाबांनो, मंगळवासीयांना नावं ठेवण्याआधी टास्मानियात आपण तिथल्या माणसांचं काय केलं ते आठवा. म्हणजे गंमत पहा, मंगळावरून आलेले लोक हे मुळात लंडनचेच. फक्त या खेपेला टास्मानियाच्या जागी लंडन.

१९०१ साली वेल्सनं आपली माणसं चंद्रावर पाठवली. तिथे जमिनीच्या पोटात मुंग्यांच्या वारुळासारखी वस्ती आहे. प्रत्येकाला लहानपणापासून एकाच कामासाठी घडवलेलं. हिशेबनिसाचं डोकं मोठं आणि हातपाय काडीसारखे. निरोप्यांचे पाय कोळ्यासारखे लांबलचक. सगळ्यांवर एक महाराज. त्यांचा मेंदू इतका मोठा की सेवक त्यावर गार फवारा मारत उभे असतात. आणि बेकारी? आहे ना. पण तिची सोय आहे. काम नसलेल्या मजुराला औषध देऊन झोपवून ठेवतात; काम निघालं की उठवतात. मोर्चा नाही, घोषणा नाही.

हे मी हिला मोठ्यानं वाचून दाखवत होतो आणि हसत होतो. तेवढ्यात मावशी आल्या.

मावशी म्हणजे आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाई. २००३ सालच्या ऑगस्टात मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता, सगळे दुर्बिणी घेऊन गच्चीवर चढले होते, त्याच महिन्यात त्या आमच्याकडे लागल्या. त्या मला काका म्हणतात, मी त्यांना मावशी म्हणतो. वयानं त्या माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आमचा भाचाही त्यांना मावशीच म्हणतो, म्हणजे त्या हिशेबानं त्या माझ्या बहिणीची बहीण. नात्याचा हा गुंता कुठल्याही ग्रहावरच्या अभ्यासकाला सुटायचा नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर. मावशी जिना चढून आल्या की दोन मिनिटं दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहतात आणि मग आत येतात. ही दोन मिनिटं मी इतकी वर्षं पाहत होतो. म्हणजे त्या वेळी मी पेपर वाचत असे.

त्या दिवशी पेपरऐवजी वेल्स होता. मी म्हटलं, "मावशी, ऐकलंत का, चंद्रावर म्हणे प्रत्येकाला कामापुरतंच घडवतात. ज्याला सारखं धावावं लागतं त्याचे पाय एवढे लांब!"

मावशींनी पदरानं कपाळ पुसलं. "मग बरं हाय की काका," त्या म्हणाल्या, "कामापरमानं पाय तरी दिल्यात." आणि आत भांड्यांकडे गेल्या.

ही आधी हसायची थांबली. मीही थांबलो, पण हिच्यानंतर.

पुढच्याच पानांत वेल्सनंही मला सोडलं नाही. त्याचा प्रवासी चंद्रावर एक दृश्य पाहतो. यंत्रावर काम करायला तयार होणाऱ्या पोरांना बरण्यांत कोंबलंय आणि फक्त एक हात बाहेर ठेवलाय. त्याला शहारे येतात. मग तो म्हणतो, की तरीही ही रीत आमच्या पृथ्वीपेक्षा दयेचीच म्हणायची. आम्ही मुलांना आधी माणूस होऊ देतो आणि मग त्यांचं यंत्र करतो.

अस्वस्थ वाटू लागलं की माणूस पुस्तक बदलतो. मी दुसरं खोकं उघडलं.

त्यात 'स्टार ट्रेक' होतं. ही टीव्हीमालिका अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली आणि तिच्यावरची पुस्तकं भाच्यानं जमवलेली. इथला नियम सोपा : एका ग्रहाला एक स्वभाव. व्हल्कन लोक सगळे तर्कशुद्ध. क्लिंगॉन सगळे लढवय्ये. १९८७ साली आलेले फेरेंगी सगळे नफेखोर, आणि त्यांचे व्यापाराचे नियम मोजून २८५. या नावावरून आपल्याला 'फिरंगी' आठवतो. म्हणजे फिरंग्यांनी अंतराळात जाऊन शेवटी शोधून काय काढलं, तर फिरंगी! पण एका ग्रहाला एक स्वभाव हे सेक्रेटरीला कसं पटावं? आमच्या एका मजल्यावर चार ब्लॉक आहेत आणि चहात आलं घालावं का, या प्रश्नावर पाच मतं. पाचवं मत आमच्याच घरात तयार होतं.

मात्र नंतर विचार केला, की लांबून पाहणाऱ्याला आपणही असेच एकरंगी दिसत असणार. समजा एखादा परग्रहवासी आमच्या वार्षिक सभेच्या दिवशी आवारात उतरला. तो आपल्या सरकारला अहवाल काय पाठवील? 'हे प्राणी ठरलेल्या वेळी जमत नाहीत. पुरेसे जमले नाहीत म्हणून सभा तहकूब करतात. अर्ध्या तासानं तितकेच प्राणी त्याच खुर्च्यांवर बसून तीच सभा भरवतात, आणि आता ती कायदेशीर असते. मग एक प्राणी कागद वाचतो व इतर सर्व तळलेल्या पिवळ्या गोळ्यांची वाट पाहतात. गोळे आले की सर्व ठराव मंजूर होतात. ग्रहाचा स्वभाव : बटाटेवडा.' आता यात एक तरी शब्द खोटा आहे का? तरी हे आपण नव्हे, एवढं नक्की.

तिसऱ्या खोक्यात आयझॅक असिमॉव्हची १९७२ सालची कादंबरी होती. तिच्यातल्या परग्रहवासीयांत लिंगं तीन. तिघांचं मिळून एक कुटुंब : एक विचार करणारा, एक भावना असणारी आणि एक मुलं सांभाळणारा. मला पहिल्यांदा काळजी वाटली ती त्यांच्या वधूवर सूचक मंडळाची. इथे दोन पत्रिका जुळवताना छत्तीस गुणांची मारामार, तिथे तिसऱ्याचा मंगळ निघाला तर? मानपान तिहेरी, रुसवे तिहेरी, आणि दोघांचं भांडण झालं की तिसऱ्यानं कुणाच्या बाजूनं बोलावं हा प्रश्न तर जन्मभराचा.

ही म्हणाली, "थांबा. तिघांना काय काय म्हणतात?"

मी पाहून सांगितलं, "विचार करतो तो 'तो'. मुलं सांभाळतो तोही 'तो'. आणि भावना आहेत ती 'ती'."

"एवढ्या लांब जाऊन तिसरं लिंग काढलं," ही म्हणाली, "आणि विचार करणारा तो 'तो'च!"

विज्ञानकथांची इतकी नेमकी समीक्षा मी त्या चार खोक्यांत कुठे वाचली नाही. पाय आठ करणं सोपं आहे, लिंगं तीन करणं त्याहून सोपं. पण घरात विचार कोणी करायचा आणि चहा कोणी टाकायचा, ही जागा बदलायची म्हटली की भल्याभल्यांची लेखणी अडखळते.

ती न अडखळलेली एक बाई शेवटी हिनंच शोधून काढली. उर्सुला ले ग्विन. वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. आई थिओडोरा यांनी १९६१ साली एका माणसावर पुस्तक लिहिलं. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा हा शेवटचा माणूस १९११ साली एकटाच रानातून बाहेर आला. त्याला सगळे 'इशी' म्हणत. इशी म्हणजे त्याच्या भाषेत नुसतं 'माणूस'. खरं नाव त्यानं कुणाला सांगितलं नाही. ज्या घरात जेवताना अशा गोष्टी निघत असतील, तिथल्या मुलीला परग्रह शोधायला दुर्बीण कशाला लागते?

ले ग्विनबाईंनी १९६९ सालच्या कादंबरीत एक बर्फाळ ग्रह उभा केला आणि एकच गोष्ट बदलली. तिथली माणसं महिन्यातले बहुतेक दिवस ना बाई ना पुरुष. थोडेच दिवस शरीर जागं होतं, आणि त्या खेपेला कोण काय होईल याचा नेम नाही. त्यामुळे एकच माणूस दोन मुलांची आई आणि तिघांचा बाप असू शकतो. त्या देशाच्या राजालाही दिवस जातात. या एकाच फरकानं बाकीचं सगळं आपोआप हलतं. बाळंतपण कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं म्हटल्यावर ते एकाच जातीच्या गळ्यात मारता येत नाही. कामावरून रजाही सगळ्यांनाच मिळते. ते पुस्तक ही चार दिवस खाली ठेवीना. त्या चार दिवसांत चहा मी टाकला. आमच्या ग्रहावर एवढाच बदल झाला, पण झाला.

बाईंची एक अडचण मात्र इंग्रजीनं केली. या माणसांना म्हणायचं काय? त्यांनी सरसकट 'तो' म्हटलं. पुढे १९७६ सालच्या निबंधात त्याचं समर्थन केलं, आणि आणखी काही वर्षांनी आपलं चुकलंच असं मोकळेपणानं लिहिलं. मला वाटतं, त्यांना मराठी यायला हवं होतं. आपल्याकडे 'ते' तयार आहे. शिवाय आदरार्थी बहुवचन. 'महाराज बाळंत झाले' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असून दरबारी शिष्टाचारालाही धरून आहे.

मावशींच्या त्या वाक्याला आता महिना होऊन गेला होता, आणि ते जिन्यात, लिफ्टपाशी, पाटीच्या 'हु'पाशी मला रोज भेटत होतं. त्यात भाचा आला आणि त्यानं मला 'डिस्ट्रिक्ट नाइन' नावाचा २००९ सालचा चित्रपट दाखवला. परग्रहवासीयांचं यान जोहान्सबर्गवर येऊन बंद पडतं, आणि ते बिचारे तिथल्या पत्र्याच्या झोपडपट्टीत अडकतात. नावात आठवण आहे ती केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्सची. १९६६ साली ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि मग तिथल्या हजारो लोकांना हुसकून लावण्यात आलं. भाचा म्हणाला, "मामा, या सिनेमाची जाहिरात फार हुशार होती. रस्त्यातल्या बाकांवर पाट्या लावल्या होत्या, 'फक्त माणसांसाठी'."

मी विचारलं, "अक्षर कसं होतं?"

भाच्याला प्रश्न कळला नाही. हिला कळला.

त्या वर्षीच्या सभेत मी ठराव मांडायचं ठरवलं. धीर दिला तो बंकूबाबूंनी. सत्यजित राय यांची १९६२ सालची बंगाली गोष्ट आहे. बंकूबाबू हे खेड्यातले गरीब मास्तर, रोज संध्याकाळी बैठकीत सगळ्यांची टिंगल सोसणारे. एका रात्री बांबूच्या बनात त्यांना परग्रहावरचा पाहुणा भेटतो. तो यांना ना मारतो, ना पळवून नेतो. एवढंच सांगतो, की तुम्ही फार नमतं घेता. बंकूबाबू तसेच बैठकीत जातात आणि सगळ्यांना सुनावून येतात. मीही तसाच उभा राहिलो. विषय क्रमांक सात : अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. लिफ्टपाशी असलेली पाटी काढावी.

आमच्याकडे माणसांना नावं नसतात, मजले असतात. तिसरा मजला म्हणाला, "लिफ्टवर लोड येतो." लिफ्टची मर्यादा सहा माणसं, ४०८ किलो. मावशींचं वजन असेल बेचाळीस. तिसऱ्या मजल्याचं शहाण्णव. पाचवा मजला म्हणाला, "आमची हरकत नाही, पण पायंडा पडेल." दुसरा मजला म्हणाला, "त्या लोकांना चढायची सवय असते हो." सहावा मजला वड्याची वाट पाहत होता. बंकूबाबूंची गोष्ट राय यांनी लिहिली होती म्हणून तिथे निकाल लागला. इथे उपसमिती नेमली. उपसमिती नेमणं म्हणजे चंद्रावरच्या बेकारांप्रमाणे विषयाला औषध देऊन झोपवून ठेवणं.

मग मी सेक्रेटरीच्या अधिकारात पाटी रंगवण्यासाठी उतरवली आणि पलंगाखाली खोक्यांशेजारी ठेवून दिली. तीन महिने कुणी विचारलं नाही. पण मावशी जिन्यानंच येत होत्या.

याचंही उत्तर ले ग्विनबाईंकडेच निघालं. १९७४ सालच्या त्यांच्या दुसऱ्या कादंबरीत एका ओसाड ग्रहावर मालकी नावाची गोष्टच नाही. 'माझा रुमाल' म्हणायचं नाही, 'मी वापरतो तो रुमाल' म्हणायचं. सरकार नाही, पोलीस नाहीत, तुरुंग नाही. मी म्हटलं, आता हे कसं चालतं ते बघूच. तर चालतं ते शेजाऱ्यांच्या नजरेवर! चारचौघं काय म्हणतील, याची धास्ती तिथे कायद्यापेक्षा कडक. हा ग्रह मला पाहिल्यासारखा वाटला. आपणही त्यावरच राहतो, फक्त मालकीहक्कासकट. पाटी नसली तरी मनाई असते. भिंतीवर चार खिळ्यांची भोकं दिसली तरी पुरतात.

एका पावसाळी सकाळी मी भाजी घेऊन येत होतो, मावशी जिन्यापाशी भेटल्या. मी लिफ्टचं दार धरून म्हटलं, "चला."

मावशींनी ती चार भोकं पाहिली. "पाटी कुठं गेली?"

"रंगवायला."

"मग येऊ द्या की रंगवून," म्हणून त्या जिन्याकडे वळल्या.

मी त्यांच्या हातात बटाट्यांची पिशवी दिली. जड पिशवी घेऊन कुणी जिना चढायला लावत नाही, एवढा कायदा त्यांनाही मान्य होता. त्या आत आल्या आणि कोपऱ्यात पाय जुळवून उभ्या राहिल्या. दार लागणार तोच तिसरा मजला आत आला. तिघंही दाराकडे पाहत निघालो, आणि दुसऱ्या व तिसऱ्या मजल्याच्या मध्ये वीज गेली.

अंतराळयानात काय वाटत असेल, ते मला त्या काळोखात कळलं. तिसऱ्या मजल्यानं धोक्याच्या घंटेचं बटण दाबलं. ती पोरं उगाच वाजवतात म्हणून मीच बंद करून घेतली होती. माझा मोबाइल घरी चार्जिंगला. तिसऱ्या मजल्याच्या मोबाइलमध्ये नगरसेवकाचा नंबर होता, हृदयरोगतज्ज्ञाचा होता, वॉचमनचा नव्हता. मावशींनी कमरेची पिशवी सोडली, फोन काढला आणि खाली वॉचमनला लावला. तो त्यांच्याच तालुक्यातला निघाला. "आलो ताई," तो म्हणाला, आणि ताईच्या आधी त्यांचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत मी ते प्रथमच ऐकत होतो. इथे ते लिहीत नाही. त्यांना न विचारता कसं लिहू?

किल्ली सापडून सुटका व्हायला अठरा मिनिटं लागली. तिसऱ्या मजल्याला घाम फुटला होता. मावशींनी त्याच पिशवीतून एक लवंग काढून पुढे केली. काळोख होता, तरी ती त्यांनी घेतल्याचं मी पाहिलं.

पुढच्या सभेत तिसऱ्या मजल्यानं स्वतः ठराव मांडला : 'मोबाइल बाळगणाऱ्या घरकामगारांस लिफ्टचा वापर करू द्यावा.' त्यावर तासभर चर्चा होऊन मोबाइल गळला आणि उरलेला ठराव मंजूर झाला. नवी पाटी मी केली : 'लिफ्ट सर्वांसाठी आहे. सहा माणसे. ४०८ किलो.' यातला 'माणसे' हा शब्द लाल रंगात काढला आहे.

त्या सकाळी मावशी आल्या त्या चौकटीला न टेकता सरळ आत आल्या. मी समाजसुधारकाच्या थाटात स्वयंपाकघरात गेलो आणि म्हटलं, "आज चहा मी देतो." ओट्यावर आमचे दोन कप होते. तिसरा खिडकीच्या कट्ट्यावर पालथा होता; निळ्या फुलाचा, कान तुटलेला. तो तिथेच असतो. तो तिथे कुणी ठेवला, कधी ठेवला, हे मला आठवेना. सभेत ठराव झाला नव्हता, सूचक नव्हता, अनुमोदक नव्हता.

ही माझ्याकडे पाहत होती. हळूच म्हणाली, "याची पाटी कोणी लिहिली होती हो?"

२००३ साली मंगळ इतका जवळ आला, तरी सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटर लांब होता. आमच्या खिडकीच्या कट्ट्यापासून टेबलापर्यंत सहा फूट. तेवढं अंतर कापायला आम्हा दोघांना वीस वर्षांहून जास्त काळ लागला. हिनं कपाटातून पाहुण्यांच्या संचातले तीन कप काढले, मी चहा ओतला, आणि तिघंही टेबलाशी बसलो. मावशी खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. त्यांनी कप हातात घेऊन फिरवून पाहिला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या,

"ह्यात चहा कमी मावतो, काकू."